पाहिजे खाते

मी अत्यंत कर्तव्यदक्ष माणूस आहे. दिवसातून निदान चाळीस वेळा तरी मी कर्तव्याची आठवण काढतो. सकाळी आरशात पोटाकडे बघून ‘उद्यापासून फिरायला गेलं पाहिजे’ असं म्हणतो. दाढी करताना ‘या नळाचा वायसर बदलला पाहिजे’ असं म्हणतो. पेपर हातात घेतला की माझी कर्तव्यबुद्धी एकदम देशव्यापी होते आणि ‘यांना एकदा चांगला धडा शिकवला पाहिजे’ असं मी मोठ्याने म्हणतो. यातले ‘हे’ कोण आणि धडा कितवा, हे अजून ठरायचं आहे. रात्री उशीवर डोकं टेकलं की ‘आता वेळेवर झोपलं पाहिजे’ असं म्हणून मी मोबाइल उघडतो.

एवढं सगळं करूनही आमच्या घरात मला आळशी समजतात. परवा वायसरचा विषय निघाला तेव्हा ही शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही एखादं काम ‘करतो’ म्हणालात की मला निम्मी आशा असते. ‘केलं पाहिजे’ म्हणालात की मी सरळ प्लंबरला फोन करते.”

बोलणं लागलं. पण आमच्या नोकरीत एक सवय असते. कोणी शिल्लक चुकली म्हणालं की भांडायच्या आधी खातं तपासायचं. म्हणून मी ‘पाहिजे’ या शब्दाचं खातं उघडून बसलो.

तसा मी कॉमर्सचा पदवीधर. मराठी भाषेशी माझा संबंध ‘आपला विश्वासू’च्या पुढे फारसा गेलेला नाही. तरीसुद्धा एक गोष्ट ध्यानात आली. ‘मला चहा पाहिजे’ यातही ‘पाहिजे’ आणि ‘मी व्यायाम केला पाहिजे’ यातही ‘पाहिजे’! इच्छा आणि कर्तव्य या दोन सवतींना आपल्या पूर्वजांनी एकाच घरात नांदायला लावलं आहे. ‘हवं’चीही तीच तऱ्हा. ‘मला लाडू हवा’ आणि ‘तुला लाज वाटायला हवी’. शाळेतला विध्यर्थ आठवा. ‘आता पाऊस यावा’ ही इच्छा आणि ‘मुलांनी वडीलधाऱ्यांचा मान राखावा’ हे कर्तव्य. क्रियापदाचा वेश एकच. इंग्रजांनी या दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द ठेवले, कारण ती माणसं हिशेबाला पक्की. आपल्या लोकांना बहुधा वाटलं असावं की, जे करायला हवं तेच माणसाला हवंसं वाटेल. भाबडी माणसं!

प्रत्यक्षात काय होतं? ‘चहा पाहिजे’ म्हटलं की पाच मिनिटांत चहा येतो. ‘व्यायाम केला पाहिजे’ म्हणून मला आता अकरा वर्षं झाली.

याचं कारण मला आमच्या सोसायटीच्या सभेत सापडलं. पाण्याची टाकी धुण्याचा विषय होता. ‘टाकी धुतली पाहिजे’ यावर चौदाही सभासदांचं एकमत झालं. आमच्या सोसायटीत एकमत होणं ही घटना पेढे वाटण्याइतकी दुर्मीळ आहे. सगळे समाधानाने घरी गेले. पुढच्या सभेत ‘टाकी धुतली गेली पाहिजे’ असा ठराव झाला. त्याच्या पुढच्या सभेत ‘टाकी तातडीने धुतली गेली पाहिजे’ असा. तीन सभांत वाक्य वाढत गेलं, टाकीतला गाळही वाढत गेला. त्या संपूर्ण वाक्यात धुणारा माणूस कुठेच नव्हता. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, “रविवारी नऊ वाजता शिडी कोण आणतंय?” पहिल्यांदाच सभेत शांतता पसरली. त्या शांततेचा फायदा घेऊन सेक्रेटरीने माझं नाव लिहिलं. टाकी धुतली गेली.

तेव्हापासून मला शब्दांचा संशय येऊ लागला. संशय येणं हा आमच्या नोकरीतला एकमेव गुण आहे, त्यावर पगार मिळतो. (अलीकडे आमच्या पदाचं नाव बदलून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ केलं आहे. मलाही पहिले दोन दिवस छाती जरा पुढे आल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी खिडकीवरून आवाज आला, “ओ कारकून!” आणि मी जागेवर आलो.)

नुसत्या नावाने माणसं कशी बदलतात याचा एक प्रयोग इस्रायलमध्ये झाला होता. हैफा शहरात दहा पाळणाघरं निवडली. संध्याकाळी मुलांना न्यायला आईबाप उशिरा यायचे. मग त्यांतल्या सहा पाळणाघरांत दंड बसवला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की मुलामागे १० शेकेल. उशीर कमी होईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तो जवळजवळ दुप्पट झाला! उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोघांनी २००० साली हे सगळं छापलं. आधी उशीर झाला की ‘बाई बिचाऱ्या खोळंबल्या’ म्हणून मनाला टोचायचं. दंड बसला आणि त्या टोचणीचा दर ठरला. दहा शेकेल टाकले की हिशेब मिटला. पुढे दंड रद्द केला, तरी उशीर काही उतरला नाही. एकदा जिचा भाव ठरला ती लाज पुन्हा फुकट मिळेना.

मला हे वाचून मुळीच नवल वाटलं नाही. वाचनालयाचं पुस्तक मी आठ महिने ठेवतो आणि परत करताना दंडाचे पैसे अशा दिमाखात देतो, की जणू वाचनालय मीच चालवतोय.

शब्दांच्या बाबतीत आमच्या सरकारलाही हे कळतं. शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ या शब्दाला जुनी हरकत घेतली होती. माफी गुन्हेगाराला असते, आम्ही काय गुन्हा केला? कर्जमुक्ती म्हणा, असं त्यांचं म्हणणं. २०१७ साली राज्याची योजना आली तिच्या नावात ‘शेतकरी सन्मान’ होता, २०१९ साली आली तिच्या नावात ‘कर्जमुक्ती’. तेव्हा मी तालुक्याच्या शाखेत होतो. कागद तेच, आधार क्रमांक तोच, झेरॉक्सवाल्याकडची रांगही तीच. पण ‘माफीचा अर्ज कुठाय?’ असं विचारणारा माणूस खिडकीपाशी मान खाली घालून विचारायचा, आणि ‘कर्जमुक्तीचं काय झालं हो?’ असं विचारणारा माझ्या डोळ्यांत बघून विचारायचा. एका शब्दाने मानेचा कोन बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मूळ मुद्दा मी एवढा वेळ टाळत होतो हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मार्चअखेर जवळ आली की आमच्याकडे थकलेल्या कर्जदारांना फोन करायचं काम वाटून देतात. मला एक यादी मिळाली. त्यात एक शिंपी होते. शिलाई मशीनचं कर्ज, चार हप्ते थकलेले. मी फोन लावायचो, ते उचलायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून केला तेव्हा सापडले. मी आवाजात बँक आणली आणि म्हणालो, “अहो, कर्ज घेतलं की ते फेडलं पाहिजे, हे तुम्हाला कळतं ना?”

पलीकडून थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज आला. मग ते म्हणाले, “साहेब, कळतं म्हणून तर फोन उचलत नाही.”

मी फोन ठेवला. यादीतल्या पुढच्या नावाला फोन करायचं धैर्य काही झालं नाही. कारण त्याच क्षणी माझ्या खिशातला मोबाइल थरथरला. गुरुवार होता. दर गुरुवारी संध्याकाळी वाईहून आत्याचा फोन येतो आणि गेले कित्येक गुरुवार मी तो उचलत नव्हतो.

आत्याने मला वाढवलं. आई आजारी होती त्या काळात मी चौथी ते सातवी वाईला तिच्याकडे होतो. पाढे तिने शिकवले, तेही कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर. एक पायरी चढलं की एक आकडा. माझे सतराचे पाढे अजून चढताना येतात, उतरताना येत नाहीत. आता ती ब्याऐंशीची आहे, एकटी राहते. आणि मी? मी दर रविवारी न चुकता ‘आत्याकडे गेलं पाहिजे’ असं म्हणत होतो. किती दिवस? हिशेब केला. सोळा महिने.

पुण्याहून वाई म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. स्वारगेटला एस.टी.त बसायचं, कात्रज मागे टाकायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूरला उजवीकडे वळायचं की आलीच. यापेक्षा जास्त वेळ मी लक्ष्मी रोडवर हिच्याबरोबर पडद्याचं कापड बघण्यात घालवतो. मग का गेलो नाही? आत्यावर प्रेम नव्हतं म्हणून? तसं म्हणावं तर दर रविवारी मला खरंच कळवळून येत असे. ‘गेलं पाहिजे’ म्हणताना माझा आवाजही ओला व्हायचा. ही म्हणायची, “मग जाऊन या ना.” आणि मी दुखावून म्हणायचो, “अगं, गेलं पाहिजे हे का मला कळत नाही?”

आणि इथेच माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. जमाखर्चात ‘तरतूद’ नावाचा एक प्रकार असतो. उद्या अमुक एक देणं येणार, कर्ज बुडणार, असं वाटलं की त्यापोटी रक्कम बाजूला दाखवायची. ताळेबंद कसा नीटनेटका दिसतो. हिशेबनीस शांत झोपतो. पण तरतूद केली म्हणजे देणं दिलं असं नव्हे! घेणेकऱ्याच्या हातात त्यातला एक पैसाही पडलेला नसतो. माझं ‘गेलं पाहिजे’ म्हणजे हीच तरतूद होती. दर रविवारी मनाच्या ताळेबंदात मी ती चोख करत होतो आणि त्या समाधानावर दुपारची झोप काढत होतो. आत्याच्या हातात मात्र न उचललेला फोन.

आमच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज अनुत्पादक होतं. त्यानंतर बारा महिने उलटले की ते ‘संशयित’ वर्गात जातं. तीन आणि बारा, पंधरा. म्हणजे माझं आत्यावरचं प्रेम एक महिन्यापूर्वीच संशयित झालेलं होतं.

तर मग हा ‘पाहिजे’ शब्दच भाषेतून काढून टाकावा का? एक दिवस मी तसं करून पाहिलं. मुलीला ‘अभ्यास केला पाहिजे’ म्हणालो नाही. ती म्हणाली, “थँक्यू बाबा,” आणि मैत्रिणीकडे गेली. तेव्हा तो मार्ग बंद झाला. शिवाय खरं सांगायचं तर, तो शब्द नसता तर सोळा महिने झाले हेही मला कळलं नसतं. दारावरची घंटा वाजवल्याबद्दल घंटेला बोल लावण्यात अर्थ नाही. माझी चूक एवढीच, की मी दर रविवारी घंटेचा आवाज मन लावून ऐकत होतो आणि दार उघडल्याचं पुण्य पदरात पाडून घेत होतो.

मग आत्या हे सगळं कुठल्या भाषेत शिकवायची, ते मी आठवू लागलो. आणि लक्षात आलं, की ती ‘खोटं बोलू नये’ असं कधीच म्हणत नसे. ती म्हणायची, “आपण खोटं बोलत नाही हो.” ‘ताटात टाकू नये’ नाही, “आपण टाकत नाही.” जणू काही ही बातमी होती, आज्ञा नव्हतीच. त्या ‘आपण’मध्ये ती होती, मी होतो, गेलेले आजोबा होते, वाईतले निम्मे लोक असावेत. एवढी मंडळी खोटं बोलत नाहीत म्हटल्यावर मी एकटा कसा बोलणार?

अमेरिकेत २०१४ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर याच्याशी नातं सांगणारा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलांशी ‘मदत करण्या’बद्दल बोलले, काहींशी ‘मदतनीस होण्या’बद्दल. दुसरी मुलं हातातला खेळ सोडून मदतीला जास्त धावली. आत्याने हा शोध वाईत आधीच लावला होता, फक्त छापला नव्हता. पण पुढे दुसऱ्या संशोधकांना याची उलटी बाजूही दिसली. ‘मदतनीस’ म्हटलेल्या मुलांच्या हातून काही सांडलं-बिघडलं की तीच जास्त खचायची. मदत फसली तर परत करता येते, मदतनीसच फसला तर करायचं काय?

हेही मला ठाऊक होतं. सहावीत गणितात शंभरपैकी एकोणतीस पडले, तेव्हा मी दोनच्या जागी सहा करून एकोणसत्तर केले होते. आकड्यांच्या क्षेत्रातली ती माझी पहिली कामगिरी. संध्याकाळपर्यंत उघडकीला आली. मी माळ्यावर चढून जुन्या गाद्यांमागे लपलो. माराची भीती नव्हती, आत्या मारत नसे. ‘आपण खोटं बोलत नाही’ आणि मी तर बोललो, म्हणजे मी आता ‘आपण’ नाही, हे माझ्या अकरा वर्षांच्या डोक्याने अचूक ताडलं होतं. दिवेलागण झाली. आत्या शिडीच्या दोन पायऱ्या चढून आली आणि काळोखात बघून म्हणाली, “चल जेवायला. आपण चुकतोसुद्धा.”

एवढंच. तेवढ्या एका ‘सुद्धा’वर मी खाली उतरलो. नंतर गेली वीस वर्षं मी लोकांच्या पैशांत हात घालून बसतो आणि संध्याकाळी रोकड जुळते, त्याचं श्रेय आमच्या प्रशिक्षण केंद्राला नाही.

मी शिंप्यांना पुन्हा फोन केला. पूर्वीच्याच दुसऱ्या नंबरवरून, कारण माझा ते उचलणार नव्हतेच. म्हणालो, “काल बोललो ते सोडा. शनिवारी किती वाजता मोकळे असता? आणि दोन हजार जमतील की हजार?” ते म्हणाले, “बारा वाजता. पंधराशे.” शनिवारी साडेबाराला आले. पंधराशे भरले. चारही हप्ते फिटले असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. मात्र त्यानंतर ते फोन उचलतात.

पैसे भरल्यावर पावती घेताना त्यांनी विचारलं, “साहेब, तुमचा आवाज आज वेगळा वाटला. बरं आहे ना?” मी म्हणालो, “उद्या सकाळी सातच्या एस.टी.ने वाईला चाललोय.” हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मी स्वतःच दचकलो. त्यात ‘पाहिजे’ नव्हतं. तिकीट काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा पोटात सहावीतला गोळा आला होता. सोळा महिन्यांचे खुलासे मी खंबाटकीपासून पाठ करत होतो. आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. चष्म्यावरून बघितलं. क्षणभर ओळख लागेना. त्या एका क्षणाचा हिशेब मी कुठल्या खात्यात टाकावा ते मला अजून कळलेलं नाही.

“बाळ्या का रे?”

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, “आत्या, मी आधीच यायला पाहिजे होतं गं.” ‘पाहिजे’ला ‘होतं’ लागलं की त्याच्याइतकं बुडीत खातं दुसरं नाही.

“मग, आलास की,” ती म्हणाली आणि ताट बाजूला सारून उठली. “चहा पाहिजे ना?”

“पाहिजे,” मी म्हणालो. पाच मिनिटांत चहा आला.

पहिला घोट घेतला आणि कळलं, की त्यात साखर नाही. अलीकडे ती विसरते, असं शेजारच्या काकूंनी दारातच हळूच सांगितलं होतं. आत्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बरा झालाय ना रे?”

“एकदम फस्क्लास,” मी म्हणालो आणि दुसरा घोट घेतला.

आत्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात लांब करून फडताळातला साखरेचा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

“बाळ्या,” ती म्हणाली, “आपण खोटं बोलत नाही हो.”